वजनदार पट्ट्या

१२ जानेवारी, रविवार

रस्त्यावरचा बर्फ ढकलायची नोकरी सुटली, पण रोज चार ओळी खरडायची खोड काही सुटली नाही. तेव्हा लिहायला असायचं. माबूच्या चढावर बर्फ गुडघाभर, दोन गाड्या खड्ड्यात, त्यातली एक फादरची. आता काय लिहिणार? चहा प्यालो, खिडकीतून दुसऱ्या कुणाला तरी बर्फ ढकलताना पाहिलं, आणि त्याचं काय काय चुकतंय ते एफीला सांगितलं. एफी म्हणाली, "त्याला जाऊन सांग ना. माझं डोकं कशाला खातोस?"

आज मात्र लिहायला आहे. चर्चमधून आलो तोच मोरागचा फोन. लेक आमची कॅलगरीला असते, फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवते. तिचा पहिला अल्बम निघतोय, आणि फिडलच्या मागे पियानो माझाच हवा म्हणते.

मी म्हटलं, "विमानाचं तिकीट पाठव."

"तिकीट नको बाबा. तू घरीच वाजवायचं आणि मला पाठवायचं."

"मग बैठकीतला पियानो झाडून ठेवतो."

"तो पियानो नाही, तो आजारी माणूस आहे. त्याला त्रास देऊ नकोस."

तिचं म्हणणं असं की एक कीबोर्ड घ्यायचा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढंच तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि पियानोचा आवाज कॉम्प्युटर काढतो, तोही फक्त हेडफोनमध्ये. म्हणजे चाळीस वर्षं शनिवारच्या नाचांना हॉल दणाणून सोडला आणि आता मुका पियानो वाजवायचा! मार्च संपायच्या आत सात धुना हव्यात, एकेकीत दोन-चार जोडलेल्या. नाही जमलं तर स्टुडिओवाल्यांचा ट्रेव्हर म्हणून कुणी आहे, तो तयारच बसलाय.

मी म्हटलं, वाजवू दे ट्रेव्हरला, माझं काय अडलंय. फोन ठेवला आणि जेवणच गेलं नाही. खरं सांगायचं तर या पोरीच्या अल्बमवर माझा हात नसला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच.

तिने आईलाही विचारलं होतं. एका धुनेत आईचे पाय हवेत म्हणाली, लाकडी फळीवर नाचतानाचे. एफी सिंकपाशी उभी होती, तिथूनच ओरडली, "तिला सांग, आईचे पाय रिटायर झाले!"

एफीचा खुबा बदलून आता दीड वर्ष होईल. त्याआधी ती नाचायला उठली की लोक हातातले पत्ते खाली ठेवायचे. डॉक्टर म्हणाला होता, हवं तेवढं नाच. उन्हाळ्यात एकदा स्वयंपाकघरात तिने दोन पावलं टाकलीही. मी आपला शेजारी दोन्ही हात पुढे करून उभा, पडली तर झेलायला. ती थांबली आणि म्हणाली, "अंड्यांच्या टोपलीकडे बघावं तसा बघतोस माझ्याकडे." तेव्हापासून पायच उचलला नाही. मी काळजीच करत होतो ना? यात रागवायचं काय ते मला अजून कळलेलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

मोरागने कुणाचा तरी वापरलेला कीबोर्ड पार्सलने पाठवला. हा एवढासा, उशीखाली मावेल. पट्ट्या अशा हलक्या की फुंकर मारली तरी वाजतील. माझा डावा हात म्हणजे बर्फाच्या गाडीचा गिअर टाकणारा हात. त्या बिचाऱ्या पट्ट्या दाबायचं मनात आणेपर्यंत दबून मोकळ्या.

तरी एक रील, म्हणजे धावत्या नाचाची धून, वाजवून पाठवली. मोरागचं उत्तर, "बाबा, टाइपरायटर वाटतोय."

जेवताना मी त्या कीबोर्डला भरपूर शिव्या घातल्या. एफी बीन्स वाढत म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

मी फटकन बोलून गेलो, "इथे नाचतंय कोण?"

मग दोघंही बीन्सच खात बसलो. जीभ चावून उपयोग नव्हता, शब्द टेबलावर पडला होता.

२५ जानेवारी, शनिवार

पोर्ट हॉक्सबरीला जेरार्डच्या दुकानात गेलो. जेरार्ड शेटिकॅम्पचा, फ्रेंच माणूस, त्यामुळे कितीही गंभीर बोलला तरी भांडण उकरतोय असं वाटतं.

"लॉची, तुला वजनदार पट्ट्यांचा पाहिजे," तो म्हणाला. "खऱ्या पियानोसारखी आत हातोडी असलेला. खालच्या सुरांना जड, वरच्या सुरांना हलका. आणि पुऱ्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. कमी घेतलास तर तुझा डावा हात रोज जमिनीवर पडेल."

मग माझी परीक्षा सुरू झाली. एक वाजवला, त्याच्या पट्ट्या लोण्यासारख्या गुळगुळीत, बोटं घसरली. दुसऱ्याची पट्टी दाबली की वर यायला एवढा वेळ घेते की तेवढ्यात धून निघून जाते. स्ट्रॅथस्पेसारखी संथ नाचाची धून चालून जाईल, पण रील म्हणजे धावणं. तिसऱ्याला इतकी बटणं आणि दिवे की विमान चालवतोय असं वाटलं. जेरार्ड म्हणे, याने ढोलही वाजवता येतो. मी म्हटलं, ढोल वाजवणारे गावात पुष्कळ आहेत, त्यांना थांबवायचं बटण आहे का बघ.

कोपऱ्यात एक काळं धूड पडलं होतं. जुना माल, वर कुणीतरी गिटारच्या पेट्या रचलेल्या. त्याच्यावर हात ठेवला आणि डावी करंगळी म्हणाली, हाच. काय वजन! दाबलं की कळतं आपण काहीतरी दाबलं. आणि पट्टी परत कशी येते, उधारी फेडल्यासारखी!

जेरार्ड म्हणाला, "हा बैल आहे. चांगला आहे, पण आवाज करतो. सुरांचा नव्हे, पट्ट्यांचा. धपधप. हेडफोन घातलेल्याला कळत नाही, बाकीच्या घराला कळतं."

"आमच्याकडे बाकीचं घर म्हणजे एफी."

"म्हणून तर सांगतोय," जेरार्ड म्हणाला.

दोघांनी मिळून तो गाडीत चढवला. माझी कंबर अजून बोलतेय.

२९ जानेवारी, बुधवार

बैल वर मोरागच्या खोलीत बांधला. खाली स्वयंपाकघर. मोरागचा जुना टेबलावरचा कॉम्प्युटर खोकत खोकत सुरू झाला. हेडफोनमध्ये तिची फिडल, तिच्यामागे मी. डोळे मिटले तर पोरगी शेजारी बसलीय असंच वाटतं.

हेडफोन काढला तेव्हा कळलं, एफी कधीची खालून ओरडतेय. "वर सुतार आलाय का?"

"का गं?"

"मला बाकी काही ऐकू येत नाही, नुसतं धपधप धपधप!"

मी माफी मागितली. संध्याकाळी जेवताना तिने मासळीच्या वड्या केल्या होत्या, आणि वाढता वाढता म्हणाली, "दुसऱ्या रीलला घाई करत होतास."

मी चमचा खाली ठेवला. "तुला कसं कळलं? तुला तर सूर ऐकू येत नाहीत."

"डावा हात ऐकू येतो की. नव्या नाचणाऱ्या पोरींना सूर लागतात. मला तुझा डावा हात पुरतो."

अजून मनात तेच घोळतंय. म्हणजे बिचारीला धपधप फारच लागत असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

असं वाजवणं मला कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. या बैलाची खुबी मला आता कळली. तो नुसता बोटांना उत्तर देत नाही, पायांनाही देतो. मी खालचा सूर दाबला की तळपायाखालून जमिनीची लाकडी फळी हलते. कधी माझ्याबरोबर, कधी माझ्या अंमळ आधीच, जणू म्हणतेय, चल ना, काय थांबलास. जड हातोड्या असल्या म्हणजे एवढा हादरा जाणारच. जेरार्डला सांगायला हवं, हा गुण जाहिरातीत छापा.

पहिल्या दोन धुना पाठवल्या. मोरागचा निरोप, "बाबा! यात जान आहे. असंच पाहिजे. असंच!" तो निरोप मी कितीदा वाचला ते लिहीत नाही.

खाली गेलो तर एफीचे गाल लाल, केस सुटलेले. म्हटलं, रक्तदाब बघून घे. म्हणाली, चुलीपाशी होते. टेबलही भिंतीला सरकवलेलं. "फरशी पुसली," म्हणाली. या आठवड्यात तिसऱ्यांदा पुसली. आमच्या स्वयंपाकघरात आता बिशपला जमिनीवर जेवायला बसवता येईल.

९ फेब्रुवारी, रविवार

व्हायचं ते झालंच. मी रीलच्या ऐन भरात, आणि हेडफोनमधूनही ऐकू आला असा खळ्ळकन आवाज. धावत खाली गेलो. फडताळावरची निळी ताटली, एफीच्या आईची, जमिनीवर. तीन मोठे तुकडे आणि बाकी चुरा. एफी टेबलाला धरून उभी, धापा टाकत.

"मी वाचवायला धावले," ती म्हणाली.

"माझ्या धपधपीने पडली ना?"

ती एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "जाऊ दे रे, ताटलीच होती. आईला ती आवडायची नाही."

किती सोसते बाई. आईची आठवण फुटली आणि वर मलाच धीर देते. तिला पडायला झालं असतं तर? त्या खुब्यावर? मी मनाशी ठरवून टाकलं. धुना गेल्या खड्ड्यात, हा बैल या घरात राहणार नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल बैल परत नेला. जेरार्ड म्हणाला, "प्रेमदिनाला बायकोला फुलं देतात रे. शांतता देणारा तू पहिलाच." पण कीबोर्ड त्याने चांगला शोधला. पट्ट्यांखाली जाड नमदा, वजन तेवढंच, आणि आवाज मांजराच्या पावलांएवढा. किंमतही आधीपेक्षा चढी, पण ते जाऊ दे. वर फोमच्या दोन जाड गाद्याही घेतल्या, खाली घालायला.

आज सगळं मांडून झाल्यावर एफीला जिन्याच्या पायथ्याशी उभं केलं. "ऐक हं," म्हटलं, आणि वर जाऊन पूर्ण रील वाजवली. मग दारातून विचारलं, "कसं वाटलं?"

"सुरू कर की."

"झालं वाजवून!"

ती क्षणभर वर बघत राहिली. "अच्छा," म्हणाली. "छान. शांत आहे."

"तुझ्यासाठी घेतला. आता कसली कटकट नाही."

"हो. नाही आता," असं म्हणून भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासली होती. मला वाटतं तिला भरून आलं असावं. एफी असल्या गोष्टी बोलून दाखवणाऱ्यातली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे मांजर कुठल्याही बाजूने बघा, बैलापेक्षा सरसच आहे. पट्ट्या एकसारख्या, हलका हात हलका ऐकू येतो, जोराचा जोराचा. मग माझं घोडं कुठे अडलंय? एक धून बारा वेळा वाजवली. कुठे चूक नाही आणि कुठे काही नाहीच. खुर्ची उंच केली, मग खाली केली. कॉम्प्युटरमध्ये पट्टी किती जोराला किती वाजावी ते बदलता येतं, तेही बदलून पाहिलं. चपला काढून वाजवलं. तळपायाखालची फळी मेल्यासारखी गप्प.

शेवटी पाठवली. मोरागचं उत्तर यायला दोन दिवस लागले. "बाबा, सगळं बरोबर आहे. फार बरोबर आहे. ट्रेव्हरसारखं."

आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं.

एफीचंही काहीतरी बिनसलंय. रेडिओ लावून बसते. टेबल परत मध्ये आलंय. खुबा आखडला म्हणते, थंडीमुळे. मंगळवारी तिला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे नेलं होतं. ती मुलगी म्हणाली, "मागच्या खेपेला तर किती छान सुटला होता! घरी जे काय करत होता ते बंद केलंत का?"

एफी म्हणाली, "दुकान बंद झालं."

कुठलं दुकान, मी गाडीत विचारलं. म्हणाली, रस्त्याकडे बघ, बर्फ आहे.

४ मार्च, मंगळवार

उद्यापासून लेंटचे उपास, म्हणून आज पॅनकेक. मोरागचा सकाळीच फोन आला होता. फार जपून बोलली, त्यावरूनच समजलो. "बाबा, नाही जमत तर नाही जमत. तू दिलेल्या पहिल्या दोन मी ठेवेन. बाकीच्यांना ट्रेव्हर चोवीस तारखेला मोकळा आहे."

"ठीक आहे," मी म्हणालो. काय ठीक आहे? कप्पाळ! बर्फाची गाडी चालवली तेव्हा कधी अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो नाही, आणि लेकीच्या कामात मात्र बर्फात रुतून बसलो. वय झालं असेल. हात गेला असेल. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं, एवढा भारी कीबोर्ड आणि वाजवणारा हा असा.

एफीने पॅनकेकमध्ये नेहमीप्रमाणे वस्तू लपवल्या होत्या. बटण आलं तर लग्न नाही, नाणं आलं तर श्रीमंत, खिळा आला तर सुतार. आम्ही दोघंच, तरी दरवर्षी लपवते. माझ्या दाताखाली खिळा आला.

"झालं," मी म्हटलं. "पियानो सुटला, आता सुतारकी करतो."

एफी सिरप ओतत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो सुतार बरा होता."

"कुठला?"

"वरचा. पहिला. धपधपवाला."

"अगं, पण आवाज?"

"आवाज नको असं मी कधी म्हटलं?"

मी आठवून आठवून पाहिलं. ओरडली होती, सुतार आलाय का म्हणाली होती. पण नको असं? कधीच नाही.

"ताटली फुटली त्याने," मी म्हटलं.

"अजून पुष्कळ ताटल्या आहेत. खा, निवतंय."

आत्ता कळतंय मला. मोरागच्या धुना त्या बैलावरच जमत होत्या हे तिने ओळखलं, आणि लेकीसाठी, माझ्यासाठी, पुन्हा ती धपधप सोसायला तयार झाली. केवढं मन आहे बाईचं! मी एवढा हळवा झालो की तिसरा पॅनकेक तिला देऊन टाकला.

६ मार्च, गुरुवार

मला दारात बघताच जेरार्डने कपाळाला हात लावला. "लग्न एफीशी लावलंयस की माझ्या दुकानाशी?"

बैल होता अजून. एका शाळेचे लोक बघून गेले होते, आवाज करतो म्हणून सोडून गेले. देवाची कृपा आणि शाळेची अक्कल.

"आता हा परत आणलास तर मी दुकानाला कुलूप लावून शेटिकॅम्पला जाईन," जेरार्ड म्हणाला.

"शेटिकॅम्पला जाऊन कुणाचं भलं झालंय?" मी म्हटलं, आणि दोघांनी बैल उचलला. तो म्हणाला ते मी लिहीत नाही, फ्रेंचमध्ये होतं.

घरी आलो तर एफीने जिन्यातल्या वस्तू बाजूला करून ठेवलेल्या. फोमच्या गाद्या धुवायला काढल्या म्हणाली. नव्या कोऱ्या गाद्या!

१२ मार्च, बुधवार

परत जमलं! देवा, परत जमलं. पहिल्याच दिवशी तळपायाखालची फळी बोलायला लागली. पट्ट्यांचं वजन, बाकी काही नाही. मी जेरार्डला फोन करून सांगितलं की माणसाने कीबोर्ड घेताना कान बंद करावे आणि जोडे काढावे. तो म्हणाला, "तुला दुसरं काही काम नाही का?"

सहा झाल्या. चोवीस तारखेचा ट्रेव्हर मोरागने रद्द केला. काल फोनवर म्हणाली, "बाबा, एक विचारू? तू एकटा वाजवतोयस असं वाटतच नाही. कुणीतरी बरोबर आहे असं वाजतंय."

"तू आहेस ना हेडफोनमध्ये."

"मी नाही रे. मी तर तिकडे सरळ वाजवलंय. तू कुणाला तरी वाट करून देतोयस, मध्ये मध्ये."

पोरगी फार शिकली की असं बोलायला लागते. फोमच्या गाद्या अजून वाळल्या नाहीत. विचारलं तर एफी म्हणाली, जाड आहेत, वेळ लागतो. फरशीला मात्र पुन्हा सोन्याचे दिवस आलेत.

२२ मार्च, शनिवार

हे आजच लिहून ठेवतो, उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळपासून वादळ. समुद्रावरून बर्फ आडवा येतोय, कुंपण दिसत नाही. दुपारी एफी ओटकेक करायला बसली आणि मी सातवी, शेवटची धून घेऊन वर गेलो. दोन स्ट्रॅथस्पे आणि मागे रीली. बैल तापला होता, हातही तापले होते. पहिल्या रीलमध्ये शिरलो आणि हेडफोनमधली मोराग पटकन गप्प झाली. माझा पियानोही. कॉम्प्युटरचा दिवा गेला. वीज गेली.

हात काही लगेच थांबत नाहीत. धावता घोडा जसा चार पावलं पुढे जातो तसे ते पुढे गेले. कानात काही नाही. आणि पायाखाली फळी बोलतच होती.

मी म्हटलं, हे काय? मशीन मेलंय. मग हादरा कशाचा?

एका हाताने हेडफोन खाली ओढला, डावा चालूच ठेवला. पट्ट्यांची धपधप ऐकू आली, लाकडासारखी कोरडी, सूर नसलेली. एफी इतके दिवस हेच ऐकत होती तर. आणि त्या धपधपीच्या खालून, स्वयंपाकघरातून, दुसरा आवाज. टाच, चवडा, टाच, चवडा, आणि मध्येच ती फिरकी, जी या आख्ख्या किनाऱ्यावर एकीलाच येते. तिच्याशी लग्न केलंय मी. ते पाय मी झोपेतही ओळखीन.

माझे हात थांबणारच होते. मग वाटलं, मी थांबलो तर ती थांबेल. म्हणून उजवाही परत पट्ट्यांवर ठेवला आणि वाजवत राहिलो. एकही सूर निघत नव्हता. मेलेल्या कीबोर्डवर मी आयुष्यातली सगळ्यात चांगली रील वाजवली आणि ती कुठेही उमटली नाही.

वाजवता वाजवता एकेक गोष्ट डोक्यात उतरत गेली. टेबल, गाल, ताटली, न वाळलेल्या गाद्या. आणि मी गाढवासारखा प्रेमदिनाला शांतता घेऊन आलो होतो! मी कान बंद करून बसायचो, तेवढीच तिला कुणी बघत नसल्याची खात्री असायची. माझ्या धपधपीवर ती नाचायची आणि तिच्या पायांवर मी वाजवायचो, आणि मी श्रेय दिलं कुणाला तर हातोड्यांना.

पळत खाली जावंसं वाटलं. तिला नाचताना बघून किती दिवस झाले. पण नाही गेलो. गेलो असतो तर हात आपोआप पुढे झाले असते, मी मला ओळखतो. पहिली रील संपवून दुसरी धरली. खाली पायांनी एक ठोका वाट पाहिली, डावा हात ऐकला, आणि दुसरी धरली. मग तिसरी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

खाली खुर्ची ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी थांबलो. थोडा वेळ बसलो, तोंड धुतलं, आणि काही झालंच नाही असा चेहरा करून खाली गेलो.

स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. टेबल भिंतीला. एफी ॲप्रनने मान पुसत बसलेली, केस सुटलेले, गाल असे की काय सांगू. टेबलावर ओटकेकचा ट्रे. एक उचलला. कडेला जरासा भाजलेला, आत सगळा कच्चा. विजेची शेगडी गार, तिच्यावरचं घड्याळ काळं. फ्रिजसुद्धा गप्प.

मी तो कच्चा ओटकेक हातात घेऊन उभा राहिलो आणि माझ्या टाळक्यात दुसरा उजेड पडला.

"वीज कधी गेली?" मी विचारलं.

"हे आत टाकले आणि गेली."

"म्हणजे पहिल्याच रीलला."

"हो."

"आणि तुला कळलं होतं."

"मी स्वयंपाकघरात उभी होते लॉची, कोळशाच्या खाणीत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं, नजर न चुकवता. "दिवे गेले, शेगडी गेली, तुझा कॉम्प्युटरही गेलाच असणार. मग एवढा वेळ तू वर वाजवत काय होतास?"

"तू नाचत होतीस ते," मी म्हणालो.

तिने ॲप्रन तोंडावर धरला, आणि खांदे हलत होते ते हसण्याने की रडण्याने, मला कळलं नाही. मग हात बाजूला केला, तर दोन्ही होतं.

"खाली नाही आलास बघायला," ती म्हणाली.

"नाही."

"यावंसं वाटलं?"

"फार."

ती उठली. खुब्यावर हात ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकली, घोड्याचं खोगीर तपासावं तसा खुबा तपासला. बाहेर वारा घराला धक्के देत होता आणि वीज रात्रीपर्यंत तरी येणार नव्हती.

"मोरागची सातवी राहिली," मी म्हटलं.

"उद्या होईल. तिला सांग, मला इकडे एक फळी पाठव म्हणावं, आणि पाय कसे रेकॉर्ड करतात तेही. फरशीवर माझा आवाज नीट उठत नाही." तिने टेबल आणखी थोडं सरकवलं. "आता वर जा. स्ट्रॅथस्पेने सुरू कर. आणि लॉची, दार उघडं ठेव."